एक्स-रे स्वच्छ

प्रिय दादा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवलंस, तरी मी रागावणार नाही. आधी बातमी सांगते. माझी कंबर धरली आहे. आपल्या कारखान्यात बाइंडिंगला आलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि तशीच राहिले. बाबा म्हणाले, "आता तूही सुरू झालीस?" त्या 'तूही'नेच जास्त कळ आली.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय काढायला लावला. मणक्यांच्या मधल्या गाद्या हळूहळू सुकतात, चपट्या होतात. माझ्या खालच्या दोन तशा झाल्यात. मी विचारलं, मग हे एक्स-रेत दिसलं असतं ना? "अहो, एक्स-रेत हाडं दिसतात, गादी नाही. सुरुवातीला तो स्वच्छही येतो." घरी येऊन जुनी डायरी काढली. 'दादा ११.१० ला आडवा. ११.३५ ला उठला. दुपारी पुन्हा. एक्स-रे स्वच्छ. नाटक.' कामाच्या वेळात तू केव्हा आडवा होतोस, याच्या अशा सव्वीस दिवसांच्या नोंदी. बाबांनी त्या जेवताना मोठ्याने वाचल्या आणि तू ताट सारून गेलास, तो गेलासच. मी लिहिलेल्या वेळा अगदी बरोबर होत्या. इतकी वर्षं मी त्या बरोबर असण्याच्या आडच बसून राहिले. कुठे दुखतं रे, एवढं मात्र एकदाही विचारलं नाही.

हल्ली मीही कटिंगच्या टेबलाखाली, तुझ्याच जागी, पाठ टेकते. काल वर लक्ष गेलं. फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने काढलेली मी: हे एवढं नाक, हातात वही, आणि खाली 'वहीवाली साहेब ड्यूटीवर'. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तरी माझ्यासाठी चहा ओतायचा तू थांबला नव्हतास.

रविवारी दुपारी, त्याच जेवणाच्या टेबलाशी, मी बाबांना डायरीतल्या त्या नोंदी पुन्हा वाचून दाखवणार आहे, त्यांच्याखाली मी आता लिहिलेल्या दुरुस्तीसकट: 'नाटक नव्हतं. दादाला दुखत होतं.' त्यांना आता कमी ऐकू येतं, मोठ्याने वाचावं लागेल. तेव्हा तू समोर असावास, एवढ्यासाठी हे पत्र. नाही आलास तरी वाचेन. सरळ पाठीची खुर्ची तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. मध्येच आडवं व्हावंसं वाटलं तर खुशाल हो. घड्याळाकडे कुणी बघणार नाही.

तुझीच,
वहीवाली