विमान नसलेला हिवाळा

आई,

तू गेलीस तेव्हा मी अंटार्क्टिकात होते. तिथलं तुला काहीच सांगणं झालं नाही, आणि आता इतकी वर्षं झाली की कुणी विचारतही नाही.

तू शाळेत भूगोल शिकवायचीस. एकदा नागपूरच्या स्वयंपाकघरात मी नकाशा रंगवत होते. तळाचा पांढरा खंड तसाच सोडून मी त्यावर ‘काही नाही’ असं लिहिलं. तू पोळी तव्यावर टाकून वळलीस. “नकाशावर असं लिहू नये. ‘मला माहीत नाही’ असं लिही,” म्हणालीस. पुढे मी अ‍ॅडलेडला मॉसन लेक्स उपनगरातल्या युनिव्हर्सिटीत शिकले, इलेक्ट्रिशियन झाले आणि त्याच खंडावरच्या संशोधन स्टेशनवर हिवाळाभराची नोकरी घेतली. तू फोनवर विचारलंस, “हिवाळाभर विमान नाही? आणि कुणी आजारी पडलं तर?”

“तिथं डॉक्टर असतो गं.”

“तिथलं नाही विचारत,” म्हणालीस, आणि लगेच स्वेटरचा विषय काढलास.

तू शिकवायचीस तसं ते वाळवंटच आहे. सगळीकडे बर्फ, पण हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तू गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा सूर्य उगवायचा थांबला होता. पठारावरून वारा खाली घसरत येत होता, समोरची इमारतही दिसत नव्हती. मी आमच्या स्टेशन लीडरला वेड्यासारखं विचारत राहिले, निदान जहाज तरी? “सॉरी मेट, समुद्रच गोठलाय,” म्हणत तिनं मला जवळ घेतलं. तुझ्या अंत्यविधीच्या व्हिडिओ कॉलवर आधी पांढऱ्या साड्या दिसल्या, मग चित्र अडकलं आणि नुसता दादाचा आवाज येत राहिला. तो त्रिशरण म्हणत होता. कुकनं मेसच्या टेबलावर मेणबत्ती लावली. एक शब्द न कळणारी ती माणसं टोप्या काढून उभी राहिली. मीही म्हणू लागले, पण दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला.

सूर्य परतला, मग वसंत आला. आम्ही गोठलेल्या समुद्रावरून एम्परर पेंग्विनांच्या वसाहतीकडे गेलो. तिथल्या बापांनी पायांवर अंडी धरून, उपाशीपोटी सगळा अंधार काढला होता. आता मासे घेऊन आलेले आईबाप त्या गोंगाटातून आपापलं पिल्लू आवाजावरून ओळखत होते. एक करडं पिल्लू ओरडत राहिलं, त्याच्याकडे कुणी आलं नाही. जवळ जायचं नाही, असा नियम. मी तिथंच बसून रडले. पापण्यांवर बर्फ धरला.

करार संपल्यावर मी आणखी एक उन्हाळा मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, हिला तिथलं आवडलं. आता पॉइंट कुक उपनगरातल्या माझ्या घरात हे लिहितेय. ते कुठे पाठवायचं नाही, दादालाही दाखवायचं नाही. परत यायला मी घाबरत होते, आई. तिथं तू नुसती लांब होतीस.