आजही खुर्ची कोरडीच

आई,

आज सकाळीही शीची खुर्ची कोरडीच राहिली. तुझ्या पणतूला रविवारपासून शी झालेली नाही. शिरवळला कामावर निघण्यापूर्वी त्याच्या आईने, माझ्या मुलीने, त्याचं पोट चाचपून तसं सांगितलं, मग भोरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोघांनी दुजोरा दिला की बातमी पक्की, असं मी तालुक्याच्या बातम्या लिहिताना जन्मभर मानत आलो. पण पक्की बातमी हाती असूनही काही करता येत नाही, पोरगा पोट धरून कळवळतो आणि मी नुसता बघत बसतो.

खुर्ची मीच आणली. तो तीन वर्षांचा होत आलाय आणि बालवाडीच्या बाई डायपरमधलं मूल घेत नाहीत. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या होत्या. एक बदकाच्या तोंडाची, एक गाणं वाजवणारी, एक बसकी, बिनपाठीची. दुकानदार म्हणाला, "आबा, पोरगाच हाय न्हवं? मंग म्होरं उंच कड आसलेली घ्या, न्हाईतर समदी धार तुमच्या धोतरावर." मी धोतर नेसत नाही, पण मुद्दा पटला. पडायला नको म्हणून उंच पाठीची निवडली. घरी येताच तो चड्डीसकट तिच्यात बसून टेम्पो चालवायला लागला. चड्डी काढली की मात्र ताठ होतो. दाराआड जाऊन पायांची अढी घालतो, चेहरा लालबुंद होतो. "नाही येत, आबा. दुखतंय." मी चष्मा लावून समोर स्टुलावर बसलेला असतो. दर थोड्या वेळाने विचारतो, "आली का?"

कुणाला विचारू? तुझी सून तुझ्या मागोमाग गेली. हे काम जमणाऱ्या घरातल्या दोघीही नाहीत.

आज डॉक्टरांकडून परतताना पालीचं आपलं अंगण आठवलं. तू भुईवर पाय पसरून बसली आहेस. तुझ्या पावलांवर माझा धाकटा भाऊ शीला बसलाय, त्याची पाठ तुझ्या नडग्यांना टेकलेली. तुझ्या मांडीवर सूप आहे आणि तू तांदळातले खडे निवडते आहेस. मी धाकट्यासमोर उकिडवा बसून गंमत बघतोय. तू सुपातून मानही वर न काढता ओरडतेस, "ए, ऊठ तिथनं! त्येचं त्वांड काय बघतोस? बघणारा म्होरं आसला की येनारी बी माघारी जाती."

घरी आल्यावर मी स्टूल उचललं आणि बाहेर निघालो. तर हा किंचाळला, "आबा, जाऊ नको!" समोर बसलो तर येत नाही, निघालो तर घाबरतो. तू तिथे असायचीस, पण समोर नसायचीस. ते या खुर्चीत कसं बसवायचं? मध्ये हिची उंच पाठ येते.

दुकानदाराला फोन केला, बिनपाठीची बदलून दे म्हटलं. "वापरलेली परत घेत न्हाई, आबा."

"अहो, वापरलीच नाही. तेच तर दुखणं आहे."

तो खूप हसला. मलाही हसू आलं. मग तोच म्हणाला, "बसकी संपली वो. उद्या सकाळी टेम्पो येतोय, एक ठिवतो तुमच्यासाठी."

औषधाचा पहिला डोस आत्ताच पाजला. डॉक्टरांच्या मते उद्या दुपारपर्यंत गुण यावा. टेम्पो आधी येतो की गुण, सांगता येत नाही. मुलगी कामावर असेल, घरी आम्ही दोघंच. बसकी खुर्ची आली तर तिच्यामागे स्टूल टाकून बसेन आणि माझ्या नडग्या त्याच्या पाठीला लावीन.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही. तू होतीस तेव्हाही पत्रं तुला मीच वाचून दाखवायचो. तरी एक सांगतो. तुझ्या भेगाळलेल्या टाचा आठवतात, जोडवी आठवतात, सुपाची सळसळही आठवते. पण धाकट्याच्या पाठीमागून तू सारखं काहीतरी पुटपुटत असायचीस, ते आठवत नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपलं, तेवढं राहून गेलं. दुपारी तो झोपल्यावर मी रिकाम्या खुर्चीमागे बसून काही आवाज काढून पाहिले. एकही तुझा निघाला नाही. उद्या मात्र काहीतरी म्हणावं लागेल.