डावा डोळा राहिला

१३ नोव्हेंबर १९७७, मोगादिशू

रेडिओवर ऐकलं. रशियाशी करार मोडला! रशियनांनी आठवड्याच्या आत देश सोडायचा. इथिओपियाला तोफा दिल्या ना त्यांनी — आणि आमचा धाकटा भाऊ, लिबान, तिकडेच ओगादेनच्या आघाडीवर इथिओपियाशी लढतोय. त्याच्या हातातली बंदूकही रशियनच.

गल्लीत लोक नाचत होते. मला आईचा डोळा आठवला. उजवा आमच्या इस्पितळातल्या रशियन डॉक्टर झोया पावलोव्हनाने गेल्या महिन्यात करून दिला. डाव्याचा मोतीबिंदू गुरुवारी काढायचा होता.

१४ नोव्हेंबर

झोया म्हणाली, "उद्याच करते. अर्धा तास पुरे." पण इस्पितळाचे संचालक वर्सामेंनी शस्त्रक्रियेच्या खोलीला कुलूप घातलंय.

"सहरोबाई, आता त्यांच्यापुढे हात पसरायचा? लोक मला फाडून खातील."

"हात नाही साहेब, डोळा."

हसले नाहीत. "अमेरिकन येतील. तुम्ही इंग्रजी शिकायला लागा."

इतकी वर्षं रशियन डॉक्टरांची दुभाषी. चाळिशी उलटली. आता पुन्हा मुळाक्षरं!

१५ नोव्हेंबर

आईला सांगितलं. "अर्धी भिंत लिंपून गवंडी पळतो का गं?" एवढंच म्हणाली.

शेजारची हावो आली आईला चिडवायला. "काय गं आंधळे, रशियन डोळ्यातून काय काय दिसतं?"

"आधी तुझ्या डोक्यातल्या उवा!" आई म्हणाली.

खूप दिवसांनी मी हसले.

१६ नोव्हेंबर

इस्पितळात काम नाही. दिवसभर रशियनमध्ये कुणी हाक मारली नाही.

१८ नोव्हेंबर

झोया निरोप घ्यायला घरी आली. कोपऱ्यावर पोलीस उभा, तरी आली. आईचा उजवा डोळा तपासला, थेंबांच्या बाटल्या दिल्या. आईने तिच्या केसांना ऊदाचा धूर दिला, लेकीला देतात तसा. मग मला म्हणाली, "विचार हिला — माझ्या लिबानवर तोफ डागणारा हिच्या ओळखीतला आहे का?"

नाही विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाचं वाक्य गिळलं. पण लिबानचं नाव झोयाला ठाऊक होतं. तिने आईचा हात धरला, तो निघेपर्यंत सोडला नाही.

२ फेब्रुवारी १९७८

अमेरिकन आले नाहीत. थेंब संपले. लिबानची खबर नाही. आई रोज दारात बसते, मान जरा डावीकडे वळवून — उजवा डोळा रस्त्यावर राहावा म्हणून.

१९ मार्च

सैन्य परत आलं. लिबानही! अंगावर चादर घेतलेला, वाळलेला. मी आत होते, आईनेच त्याला लांबून ओळखलं. मी त्याचं तोंडच तेवढं बघत धावले. मागून आई हळूच म्हणाली, "सहरो, जपून धर. त्याला डावा हात नाही."