तंबूची डावी बाजू

नाशिक, ९ जानेवारी २००६

प्रिय महेशदादा,

तू पाठवलेला मुंबईच्या सर्जनचा नंबर मिळाला. फोन बाबांच्याच खोलीत आहे, म्हणून पत्र लिहितेय. त्यांचा स्कॅन मीच काढला, आमच्या सेंटरच्या मशीनवर. स्वादुपिंडातली गाठ साडेचार सेंटिमीटर, यकृतावर तीन डाग. बाबांनी फिल्म खिडकीशी धरली, "काँट्रास्ट छान आलाय," म्हणाले आणि चहा मागितला.

गेल्या रविवारी त्यांनी मला नांदगावला न्यायला लावलं, नवसाबाईंकडे. नव्व्याण्णव साली कारगिलच्या लढाईत द्रासजवळ बाबांच्या शस्त्रक्रियेच्या तंबूत ज्यांचा मुलगा गेला, त्या. बाबा दरवर्षी जातात, पण का ते मला ठाऊक नव्हतं. सेना पदकाच्या प्रशस्तिपत्रात तीन दिवसांत एकेचाळीस शस्त्रक्रिया लिहिल्या आहेत. त्यात नाही ते बाबांनी नवसाबाईंच्या ओट्यावर बसून त्यांना सांगितलं. जखमी आले की ते दारात उभे राहून हाताने दाखवायचे. उजवीकडे टेबल. डावीकडे, जे वाचणार नाहीत ते. डावीकडच्यांना मॉर्फिन मिळायचं, डॉक्टर नाही. नवसाबाईंचा मुलगा डावीकडे होता. आजवर बाबा त्यांना "शर्थ केली" एवढंच सांगत आले होते.

मी गाडीची किल्ली हातात धरून उभी होते. वाटलं, आता हाकलून देतील. त्या बराच वेळ कांद्याची पात निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्यापाशी कोन बसलं व्हतं, साहेब?" बाबा म्हणाले, "कोणी नाही. सगळे हात टेबलाशी होते." "म्हून तुमी माझ्यापाशी येऊन बसत व्हता व्हय," एवढंच त्या बोलल्या. जेवल्याशिवाय मात्र सोडलं नाही. बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली. महिन्याभरात एवढी खाल्ली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी पलंग हलवायला लावला. दारातून आत आलं की डाव्या हाताची भिंत. मी म्हटलं, तिथे ऊन येत नाही. "माहीत आहे," म्हणाले.

त्या सर्जनला फोन करू नकोस. बाबांनी स्वतःला कुठे ठेवायचं ते ठरवलंय, आणि फिल्म मी तीनदा पाहिली आहे, त्यांचं चुकलेलं नाही. माझी रजा संपली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि सकाळी आठ ते दोन मी कामावर असते. तेवढा वेळ त्यांच्यापाशी कोणी बसलेलं नसतं. तिकीट काढ.

तुझीच,
स्नेहल