मीटर वाजत नाही

प्रिय ठिणगी,

तू विचारलंस एवढंच, की वायरी तपासायचा भरवशाचा मीटर रास्त किमतीत कुठे मिळेल ते बाबांना विचारून कळव. असल्या प्रश्नाचं उत्तर माणूस फोनवर एका वाक्यात देतो. मी पत्र लिहायला बसले, म्हणजे ते एका वाक्यात मावणारं नाही हे तू ओळखलंच असशील. शिवाय फोनचा मला वीट आलाय. दिवसभर कंपनीच्या तक्रार-फोनवर लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजांची रडगाणी ऐकते आणि घरी आल्यावरही तीच जीभ चालू राहते. परवा शेजारीण जिन्यात म्हणाली, गुडघा फार कुरकुरतोय हो, तर मी तिला विचारलं, कोणतं मॉडेल? मागच्या फोनवर तू शेवटी जे बोललीस आणि घाईने फोन ठेवलास, त्यावरही मला बोलायचं आहे. पण ते शेवटी. आधी मीटर.

मीटर चमकतो किती ते बघू नकोस. लाल-काळ्या वायरी हातात घेऊन वाकव. मऊ वळल्या तर ठीक, वाळक्या काडीसारख्या ताठ राहिल्या तर तो मीटर होता तिथे ठेव. दुकानदाराला मागचं झाकण उघडून आतला फ्यूज दाखवायला सांग. तो का कू करू लागला तर आत काय आहे ते कळलंच. खोक्यावर काय छापलंय त्याला भुलू नकोस, छापायला कुणाच्या बापाचं काय जातं? घेण्याआधी दुकानातल्याच चालू लाइनवर तो लावून बघ, दुसऱ्या मीटरशी आकडा ताडून बघ. आणि सगळ्यात स्वस्त घेऊ नकोस, सगळ्यात महागही घेऊ नकोस. वरचा सोडावा, खालचा सोडावा, मधला घ्यावा. नवरा निवडताना मी हेच केलं होतं.

हे ज्ञान मला कुठून आलं म्हणशील. वायरमनशी लग्न करून जन्म गेला, पण टेस्टर म्हणजे ऐन वेळी ड्रॉवरमध्ये न सापडणारी वस्तू, यापलीकडे माझी मजल नव्हती. आता मात्र या गावातलं मीटर विकणारं एकही दुकान माझ्या पायाखालून सुटलेलं नाही. त्याचं कारण सांगते. घाबरू नकोस, आणि तेव्हाच का नाही सांगितलंस म्हणून माझ्यावर डाफरू नकोस.

उन्हाळ्यात बाबा चौकातल्या लाँड्रीवाल्या बाईंकडे इस्त्रीची लाइन दुरुस्त करायला गेले होते. बाईंनी बंद केलेला खटका भलत्याच खोलीचा निघाला. बाबांनी सवयीप्रमाणे कपाटामागे हात घालून तो पेनासारखा टेस्टर वायरजवळ नेला. वीज असली की तो पीं करतो आणि त्याचा दिवाही लागतो. दिवा होता भिंतीकडे. पीं काही झालं नाही, म्हणून त्यांनी वायर धरली. वीज होती. हात झटकला गेला, कोपर कपाटावर आपटलं, आठवडाभर वांग्यासारखं काळंनिळं होतं. तेवढ्यावर भागलं. बाई रडायला लागल्या, तर त्यांनाच पाणी आणून द्यायची वेळ यांच्यावर आली. घरी येऊन एवढंच म्हणाले, टेस्टरने दगा दिला.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुरुस्तीच्या दुकानातला मीटर काढून बघितला, तर तोही वाजेना. वायर कुठे तुटली आहे का ते शोधताना दोन टोकं जोडली की जो पीं व्हायला हवा, तो नाही. झालं. दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. ज्याच्यावर विसंबता येत नाही असलं हत्यार घेऊन मी कुणाच्या घरातल्या तारेला हात लावणार नाही, खात्रीचा मीटर मिळाला तर काम, नाहीतर दुकान बंद, असं जाहीर केलं. तुला तुझ्या बापाचा हट्ट माहीत आहे. गिऱ्हाइकं येतात, हे त्यांना हात जोडून दुसऱ्याचं नाव सांगतात, आणि मग आत बसून जुने पंखे पुसतात. आख्ख्या गावात इतके स्वच्छ आणि इतके बिनकामाचे पंखे कुठे सापडणार नाहीत.

मग आमची वरात निघाली. आधी नव्या बाजारातल्या काचेच्या दुकानात गेलो. तिथे टाय लावलेला एक मुलगा हसतमुखाने धावत आला. मी विचारलं, हा टिकेल का? तो म्हणाला, मॅडम, यात निळासुद्धा येतो. तिथून घेतलेला मीटर बाबांनी घरी लावून बघितला आणि परत केला. वाजत नाही. मग घरबसल्या मागवला. बुटांचा जोड मावेल एवढ्या खोक्यात साबणाच्या वडीएवढा मीटर आला आणि उरलेल्या जागेत हवेचे फुगे. फुगे फोडायला मजा आली, मीटर गेला परत. वाजत नाही. तुझा मामा म्हणाला, भाऊजी, हल्ली मालच असला येतो. त्याला कुठल्याही विषयात एवढंच म्हणता येतं, पण या वेळी बाबांना ते फार पटलं. त्या दिवसापासून मामा घरात शहाणा ठरला आहे. मला हा धक्का त्या वायरच्या धक्क्याहून जड गेला.

इकडे घरातही माल खराब निघण्याची साथच आली. शिट्टीची किटली आठवते ना तुझी? ती बिघडली म्हणाले. पाणी आटून बूड काळं झालं, हे समोर पेपर वाचत बसलेले. दाराची बेल मंद वाजते म्हणून ती काढून नवी बसवली. ही अशी घणघणते की पोस्टमन स्वतःच दचकून मागे सरकतो. टीव्हीचा स्पीकर गेला म्हणून आवाज चढवला. आता बातम्या पहिल्या मजल्यावर आम्ही लावतो आणि ऐकतात तिसऱ्या मजल्यावरचे. आणि फोनची कंपनी तर त्यांच्या मते निव्वळ चोर. आवाज मध्येच कापतात, म्हणतात.

शेवटी आम्ही गेलो स्टँडमागच्या गल्लीत, पावतीकाकांकडे. तू लहान असताना बाबांच्या सायकलवर बसून तिथे जायचीस आणि काका तुला रिकाम्या वायरीची रिळं खेळायला द्यायचे. अजून तसेच आहेत, नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, आणि कुणी काहीही परत आणलं तरी पहिला प्रश्न, पावती आहे का? तीच अरुंद पायरी, तोच स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे आणि खाली पुठ्ठ्याची घडी. काकांनी मधल्या फळीवरचा मीटर काढला, न सांगता झाकण उघडून फ्यूज दाखवला, वायरी वाकवून दाखवल्या, किंमतही काचेच्या दुकानापेक्षा बरीच कमी सांगितली. मग दोन टोकं एकमेकांना टेकवली. पीं. स्वच्छ, खणखणीत. बाबा वाकून बघत म्हणाले, टेकवा की. काका म्हणाले, टेकवलीत, मास्तर. पीं चालूच होता. बाबा म्हणाले, हाही वाजत नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. असं बघ, हा पीं मी काचेच्या दुकानात ऐकला होता, घरी आलेल्या त्या साबणाच्या वडीतूनही ऐकला होता. ऐकण्याचाच पगार घेते मी. पण तोवर दर वेळी मला वाटायचं, बाबांना म्हणायचंय ते वेगळं, वायरमनच्या कानाला पुरेल असा आवाज वेगळा असेल. काकांनी बघितलं आणि ती पळवाट बंद झाली. काकांनी मीटर हळूच बंद केला, खोक्यात घातला आणि म्हणाले, मास्तर, हा लॉटच गंडलेला दिसतोय. मी परत पाठवतो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या मालाला कधी नाव ठेवू दिलं नाही, तो चांगल्या मालाला स्वतःच्या तोंडाने भिकार म्हणाला. बाबा पायरी उतरून सायकलकडे गेले तेव्हा काका खालच्या आवाजात म्हणाले, वहिनी, मीटर एक नंबर आहे हो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मीटर पावतीकाकांकडून घे. दुसरीकडे कुठे जाऊ नकोस.

तुझा बाप माझं ऐकत नाही, हे वाक्य मी लग्नापासून म्हणत आले. माहेरी म्हटलं, शेजारी म्हटलं, त्यांच्या तोंडावर तर रोज म्हटलं. म्हणताना मजा यायची. त्या दिवशी सायकलमागे चालत येताना ते पुन्हा मनात आलं आणि पहिल्यांदाच त्याची चेष्टा होईना. बारीक, उंच आवाज तेवढे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. बस ऐकू येते, हातोडा ऐकू येतो, मामा तर येतोच येतो. किटली नाही, टेस्टर नाही, मीटर नाही.

आणि तू नाहीस. हे सांगायला हे सगळं लिहिलं. तुझा आवाज कसा आहे ठाऊक आहे ना? लहानपणी तू गच्चीवरून हाक मारलीस की गल्लीतली कुत्री आधी वळायची, मग माणसं. तो पीं आणि तुझी ‘बाबा’ ही हाक एकाच पट्टीतली. मागच्या फोनवर तू त्यांना म्हणालीस, मला ताप आलाय, आणि ते म्हणाले, वा, छान, घे आता आईशी बोल. मग तू मला म्हणालीस, मी दुकान सोडून लिफ्टच्या कंपनीत गेले याचा राग त्यांनी अजून धरलाय, बोलायचंच नसेल तर राहू दे, मी आता फोन करणार नाही. अगं वेडे, त्यांना ताप ऐकू आलाच नाही. फोन कानाला लावून ते अंदाजाने हं, बरं, छान असे शब्द वाटत बसतात आणि एखादं भलत्या जागी पडतं. मला फोन देऊन झाल्यावर ते तिथेच उभे राहतात आणि मी ठेवला की विचारतात, काय म्हणत होती? त्या दिवशी मी ताप म्हणाले, तर रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठले. दुकान सोडल्याचा राग कसला? लिफ्टमध्ये पाय ठेवला की अनोळखी माणसालाही सांगतात, माझी मुलगी या दुरुस्त करते. बिचारा चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरतो. तर फोन बंद करू नकोस, पण त्याआधी एकदा सुट्टी काढून ये. त्यांना तोंडावर सांगण्यात अर्थ नाही. आमच्याकडे तक्रार येते, फ्रिज मेला. आम्ही ‘पिन लावली आहे का’ असं कधीच विचारत नाही, माणूस दुखावतो आणि न बघताच हो म्हणतो. आम्ही म्हणतो, पिन काढा, धुळीवर एक फुंकर मारा, पुन्हा लावा. पिन आधी लागलेली नव्हती हे ज्याचं त्याला कळतं आणि ज्याची अब्रू त्याच्याकडे राहते. तुमच्या कंपनीत कान तपासून घ्यावे लागतात असं तू मागे म्हणाली होतीस. ती तपासणी इथे येऊन कर आणि सोबतीला त्यांना घेऊन जा. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर म्हण, बाबा, तुम्हीही बसा एकदा, माझा आकडा ताडायला दुसरा मीटर हवा. एका मीटरवर कधी विसंबू नये हे तुला त्यांनीच शिकवलंय, नाही म्हणता येणार नाही. समोर उभी राहून बोल, आवाज जरा खाली आण, आणि डोळ्यांत पाणी आणू नकोस, ते मात्र त्यांना लांबून दिसतं.

वाट बघणारी,
तुझीच, भरपूर ऐकू येणारी
आई

ता. क. पावतीकाकांकडे आवाजाबरोबर ठळक दिवाही लागणारा मीटर आहे, मधल्याच फळीवर. तो घे. तुझ्यासाठी म्हणून दोन घे, आणि जाताना एक बाबांच्या दुकानात विसर.