चिंधानानांच्या धाब्यावरून

साक्री, २ मे १९८८

ती. बन्सीभाऊ यांस,
देवचंदचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमची टेली लेन्स सुखरूप पोहोचली, पण पहिला रोल वाया गेला. धुळ्याहून धुऊन आणला, तर एकही फोटो धड नाही. सगळे पुसट.

दुपारी आई ओसरीत बसते. समोरच्या चिंधानानांच्या घरावर चढून, धाब्याच्या सपाट मातीवर पालथा पडून मी फोटो काढतो. नानांनी विचारलं, मास्तर, ही कसली टेहळणी. पाखरांचे फोटो काढतो म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही.

आबांचा फोटो काढला आणि आठवड्यात ते वारले, तेव्हापासून आई कॅमेरा पाहिला की उठून आत जाते. अख्ख्या जळगावची लग्नं तुमच्या स्टुडिओने टिपली आणि आपल्या घरात आईचा एक फोटो नाही. ती सत्तरी ओलांडून गेली. पुढे पोरांना तिचा चेहरा कसा दाखवायचा, ही तुमची काळजी आता मलाही लागली आहे. म्हणून तर लांबून चोरी ठरली. माझ्या हाती आल्यावर लेन्सला मोतीबिंदू होतो का, तेवढं कळवा.

वहिनींना नमस्कार. मास्तरावरचा लोभ कमी करू नये.

आपला,
देवचंद


जळगाव, ८ मे १९८८

चि. देवचंद यास अनेक आशीर्वाद.

नाचता येईना, अंगण वाकडं. टेली लेन्स माणसाला जवळ आणते, तसा हाताचा धक्काही मोठा करते. त्यात मे महिन्याची दुपार. तापलेल्या धाब्यावरून हवा हलते आणि पलीकडचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. ऊन चढायच्या आत काढ. तेव्हा उजेड कमी, म्हणून शटर साठवर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेव. पण साठला ही लेन्स हातात धरून चालत नाही. बाजरीच्या पिशवीवर टेकव आणि बटण दाबण्यापेक्षा टायमर लाव. निगेटिव्ह मला पाठव.

मातोश्रींस शि. सा. नमस्कार. चि. सौ. कलाबाईला आशीर्वाद. तब्येत सांभाळ, उन्हात डोक्याला रुमाल बांध.

तुझा,
बन्सीलाल


साक्री, १७ मे १९८८

ती. बन्सीभाऊ यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

सांगितलं तसं सगळं केलं. पिशवी नेताना कलाबाईने विचारलं, बाजरीचाही फोटो काढायचा आहे का. आता घरातही हसं झालं.

तरी आई पुसटच. मला काही समजेनासं झालं आहे. दुपारी ऊन नडतं, सकाळी अंधार. कॅमेऱ्याला हात लावला तर हलतो, नाही लावला तरी हलतो. मग हलवतं कोण? धाबंच हलतं की काय म्हणून नानांना खाली उतरायला लावलं, तर ते रुसून बसले आहेत. आई बिचारी जराही जागची हलत नाही. हल्ली धान्यही निवडत नाही, हात मांडीवर ठेवून नुसती बसते. कधी कधी वाटतं, फोटोबद्दल ती म्हणते ते खरंच असेल. मला भीती वाटते, भाऊ.

निगेटिव्ह सोबत आहेत. रागावू नये, माया असू द्यावी.

आपला,
देवचंद


जळगाव, २३ मे १९८८

चि. देवचंद यास आशीर्वाद.

निगेटिव्ह भिंगाखाली पाहिले. तुझं काही चुकलेलं नाही. भिंतीतली भेग स्पष्ट आहे, खाटेची दोरी स्पष्ट आहे, आईजवळच्या तांब्यावरचे ठोकेसुद्धा दिसतात. कॅमेरा हलला असता तर तांब्याही हलला असता. हलले आहेत ते फक्त आईचे हात आणि हनुवटी. प्रत्येक फोटोत.

मोठी प्रिंट करून तुझ्या वहिनीला दाखवली. तिनेही आधी हातांवरच बोट ठेवलं.

लेन्स ठेवून दे. आईजवळ बस आणि विचार, हात केव्हापासून कापतात. दरडावू नकोस. माझं कामात लक्ष नाही, लगेच कळव.

तुझा,
बन्सीलाल


साक्री, २८ मे १९८८

ती. बन्सीभाऊ यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

विचारलं. मागच्या श्रावणापासून. भाकरी थापता येईना, तेव्हा आपले गुडघे दुखतात असं कलाबाईला सांगितलं आणि चुलीपासून उठली. आपण दवाखान्यात नेऊ म्हणून लपवत होती. एका घरात राहून मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

मी धाब्यावर का चढतो, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग उठून आत का गेली नाहीस, असं विचारलं. तर म्हणे, तू उन्हामा पडी ऱ्हास, म्हणीसन मी दम धरीसन बठस, पन हात मनं आयकतस नही. माझं ऊन वाचावं म्हणून ती दम धरून बसायची, आणि हातच तिचं ऐकेनात.

रविवारच्या एसटीने तिला घेऊन येतो. चांगला डॉक्टर पाहून ठेवा. फोटोचा विषय मी काढला नव्हता. तिनेच निरोप दिला आहे की बन्सीला म्हणावं, आता जवळूनच काढ, फक्त कोणीतरी माझे हात धरा. ते मी धरीन. फोटोत माझेही हात येतील, ते काढून टाकू नका.

आम्हा दोघांची वाट पाहावी, आणि जशी माया आहे तशी राहू द्यावी.

आपला,
देवचंद