एका मुलीची चार नावे रद्द करून पाचवे लावण्याबाबत

प्रति,
मा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी,
धारवाड

विषय: जन्मनोंदीतील नावाच्या कोऱ्या रकान्याबाबत.
संदर्भ: आपले दि. १४ मे २००१ चे पत्र, 'आपणांस एकूण मुली किती, ते कळवावे.'

महोदय,

१. मुलगी एकच आहे. तीही लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. नावे चार झाली, हा दोष सर्वस्वी आमच्या घराचा असून आपल्या कार्यालयाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

२. मुलीचा जन्म ९ नोव्हेंबर १९९५ चा. बाळंतपण अवघड होते. हुबळीच्या परिचारिका मेरीअक्का दोन दिवस घरी न जाता माझ्या उशाशी बसल्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझे यजमान एकुलते एक, म्हणून तो मान आम्ही मेरीअक्कांना दिला. त्यांनी पाळण्यात वाकून नाव सांगितले, डोळे पुसले आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून बस गाठली. काय सांगितले, ते कोणीच विचारले नाही. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याला ठाऊक असेल. पुढे विचारायची लाज वाटू लागली. साडेपाच वर्षे मुलगी 'चिमी' म्हणून वाढली.

३. आता शाळेला दाखला हवा. मेरीअक्कांनी स्वतःचेच नाव ठेवले असणार, असे धरून प्रत्येकाने त्या नावाच्या गोतातले एकेक निवडले व एकमेकांना न सांगता अर्ज दिला. मामंजी पद्मनाभराव वकील यांनी 'मारिया', कारण त्यांच्या कोशात अर्थ समुद्राशी जोडला आहे. यजमान श्रीहर्ष यांनी 'मॉली'. मेरीचे लाडके नाव ते, असे त्यांना तारिहाळच्या कारखान्यातील साहेबांनी सांगितले. सासूबाईंनी 'मारिअम्मा', कारण ती आपलीच देवी. मेरी आणि मारिअम्मा या नावांचे नाते नाही, हे पुढे मामंजींनी कोश उघडून दाखवले, तेव्हा त्यांना दोन दिवस चहा मिळाला नाही. मी 'मिरियम', म्हणजे मूळ हिब्रू रूप. त्याच्या अर्थाबद्दल पंडितांत एकमत नाही: कोणी कडू म्हणतात, कोणी बंडखोर, कोणी 'हवीहवीशी लेक'. औषध पाजताना पहिले दोन्ही पटतात. माझा अर्ज तिसऱ्यासाठी होता.

४. आपल्या पत्राने चारही अर्ज उघडे पडले. त्यानंतर घरात जे झाले, ते येथे लिहीत नाही. अखेर हुबळीला जाऊन मी मेरीअक्कांनाच विचारले. त्या हसल्या. "वेणू म्हणून सांगितलं की हो! आमच्यात पहिल्या नातीला आजीचं नाव."

५. वेणूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात हयात वडीलधाऱ्यांचे नाव मुलांना ठेवत नाहीत. मी भीत भीत त्यांना सांगितले. त्यांनी मांडीवरचे तांदळाचे ताट खाली ठेवले. मग म्हणाल्या, "तिनं माझं नाव कानात ठेवलंय की. कागदावर तिचं घाला."

६. तरी आधीचे चारही अर्ज रद्द करून 'मेरी' हे नाव नोंदवावे. शाळेची मुदत ३१ मे आहे. मेरीअक्का निवृत्त होऊन ३० मे रोजी आपल्या गावी कायमच्या राहायला जातात. त्यांना मूलबाळ नाही. त्याआधी तो कागद त्यांच्या हातात पडावा, ही माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या शिक्क्याकडे डोळे लावून बसलेली,
सौ. दीपश्री श्रीहर्ष कित्तूरकर
सुभाष रोड, धारवाड
दि. २१ मे २००१

सोबत:
१. रुग्णालयाचा जन्मदाखला.
२. चारही अर्जदारांचे माघारपत्र. (सासूबाईंची सही कानडीत आहे.)
३. मुलीने स्वतः लिहिलेले नाव. तिने 'मेरी' आणि 'वेणू' दोन्ही लिहिली आहेत. कृपया पहिलेच धरावे.